सरावाचे हलके काडतूस

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे मुख्य भाग चार : बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पितळी कोश, त्यातील दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. घोडा टोपीवर आपटला की दारू पेटते आणि तिच्यापासून निर्माण झालेला वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. गोळी पुढे जाते तसे शस्त्र मागे उसळते. हा धक्का आणि त्याबरोबरचा कानठळ्या बसविणारा आवाज हेच नवशिक्या नेमबाजाचे खरे शत्रू होत. दहा-पाच बार काढले की तो पुढच्या धक्क्याची आधीच धास्ती घेऊ लागतो. चाप ओढण्याच्या क्षणी त्याचे मनगट झुकते आणि गोळी निशाणाच्या खाली जाते. ही खोड एकदा जडली की मोडणे कठीण. म्हणून शिकणाऱ्याच्या हाती प्रथम कमी शक्तीचे काडतूस देण्याची रीत पडली.

या रीतीला रिव्हॉल्व्हर विशेष अनुकूल आहे. स्वयंभरण पिस्तुलात प्रत्येक बाराचीच शक्ती रिकामा कोश बाहेर फेकते व नवे काडतूस आत आणते. काडतूस दुबळे असेल तर ही यंत्रणा मध्येच अडते. रिव्हॉल्व्हरचे चक्र मात्र नेमबाजाच्या बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोराने फिरते. त्याला दारूच्या शक्तीची गरज नसते.

अमेरिकेत अशा सरावासाठी सर्वाधिक रूढ झाले ते .३८ स्पेशल या काडतुसाचे सपाट गोळीचे रूप. (नावात ३८ असले तरी गोळीचा व्यास .३५७ इंचच असतो. जुन्या काळच्या मोजमापाचा हा अवशेष.) ही गोळी पुढून सपाट असून जवळजवळ पूर्णपणे कोशातच बुडालेली असते. गोल टोकाची गोळी कागदी निशाण फाडते; सपाट गोळी मात्र कचेरीतील पंचिंग यंत्राप्रमाणे स्वच्छ वाटोळे भोक पाडते, आणि गुण मोजताना वाद उरत नाही. शिसे मऊ, वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर, धक्का सौम्य. क्रीडास्पर्धांत याहूनही सौम्य अशा .३२ काडतुसाचे सपाट रूप लोकप्रिय आहे. त्याच काडतुसाचा साधा प्रकार भारतात पुण्याजवळच्या खडकी येथील कारखान्यात तयार होतो.

हलके म्हणजे निर्धोक, असे मात्र नाही. .३८ स्पेशलचा कोश मूळचा काळ्या दारूच्या हिशेबाने बेतलेला, म्हणून ऐसपैस. आजच्या धूरविरहित दारूची अल्प मात्रा त्याचा एक कोपराच व्यापते. शस्त्र वर किंवा खाली कलले की ती मागेपुढे सरकते आणि गोळीचा वेग बदलतो. दारू फारच कमी पडली किंवा भरायचीच राहून गेली, तर गोळी नळीतच अडकते. अशा वेळी नेहमीच्या बाराऐवजी नुसता ‘फट्’ असा आवाज होतो. त्याकडे दुर्लक्ष करून पुढचा बार काढणाऱ्याची नळी फुगते, क्वचित फुटतेही. आवाज वेगळा वाटताच थांबावे आणि शस्त्र रिकामे करून नळी तपासावी, हा म्हणूनच सरावमैदानावरचा पहिला धडा असतो.

दुसरा धोका शस्त्राचा नव्हे, माणसाचा. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे जोरकस काडतूस बाजारात आले. त्याचा कोश मुद्दाम सुमारे तीन मिलिमीटर लांब ठेवला होता, जेणेकरून ते जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये. उलट, .३८ स्पेशल मात्र मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये सहज बसते. ही सोय पोलीस दलांना मोहात पाडणारी ठरली : सरावाला स्वस्त, हलके काडतूस आणि कामावर जाताना मॅग्नम. दोहोंच्या ऊर्जेत तिपटीचा फरक. मैदानावर उत्तीर्ण झालेल्या शिपायाने आपल्या कमरेच्या काडतुसाचा धक्का कधी अनुभवलेलाच नसे.

५ एप्रिल १९७० च्या रात्री कॅलिफोर्नियातील न्यूहॉल येथे दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत महामार्ग पोलिसांचे चार तरुण अधिकारी पाच मिनिटांच्या आत मारले गेले. त्यांच्यापैकी काहींजवळ मॅग्नम काडतुसे होती, पण त्यांचा सराव .३८ वर झालेला होता. या हानीला इतरही कारणे होती. शस्त्र पुन्हा भरताना एकेक काडतूस हाताने घालावे लागे, हे त्यांपैकी एक. सगळा दोष हलक्या काडतुसावर टाकणे अन्यायाचे होईल. तरी दलाने बोध घेतला. पुढे सर्वांसाठी एकाच ताकदीचे काडतूस ठरविण्यात आले. सरावातही तेच आले, आणि सहाही काडतुसे एकदम भरण्याचे साधन अधिकाऱ्यांच्या पट्ट्याला लागले.

हलके काडतूस त्यानंतरही टिकून आहे. चाप न हिसकता ओढणे, नजर पुढच्या माशीवर स्थिर ठेवणे, श्वास आवरणे या गोष्टी त्याच्यावरच उत्तम शिकता येतात. फक्त शिक्षणाच्या शेवटच्या फेऱ्या आता कामावरच्या काडतुसानेच झाडल्या जातात.