खानोलकरांचे तीन निबंध : एक मागोवा

संशोधकाने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनी त्यांचे किती दाखले दिले, यांवरून त्याची योग्यता ठरविण्याची रीत आता विद्यापीठांच्या दप्तरांत कायम झालेली आहे. त्या रीतीने पाहिले तरी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नावे कर्करोग, कुष्ठरोग व रक्तगट या विषयांवरील शंभराहून अधिक निबंध जमा आहेत. परंतु त्यांच्या लेखनाचा खरा अधिकार १९४४ ते १९५५ या काळातील तीन निबंधांत एकवटलेला आहे असे माझे मत असल्यामुळे, हा मागोवा प्रामुख्याने त्या तिहींचाच आहे.

१८९५ साली क्वेट्टा येथे एका गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी १९२३ मध्ये संपादून मुंबईस आले, अध्यापनात रमले, आणि १९४१ साली परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्या हाती आली. हिंदुस्थानात कर्करोग विरळा, असा समज त्या काळी पुष्कळांच्या मनात घर करून होता. रुग्णालयात येणाऱ्या माणसांकडे पाहून खानोलकरांनी त्या समजाची रुजुवात घेतली, आणि १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. निवडून काढलेले नव्हे, ओळीने आलेले हजार रुग्ण! ज्यास या निबंधाची थोरवी समजून घ्यावयाची असेल त्याने ‘लागोपाठ’ या एका अटीकडे लक्ष द्यावे.

दुसरा निबंध १९४५ सालचा, बी. सूर्याबाई यांच्या सहकार्याने लिहिलेला. लोकाचार आणि कर्करोग यांचा संबंध दाखवून त्यात हिंदुस्थानातील तीन नवे प्रकार वर्णिले आहेत. कमरेला करकचून नेसलेल्या धोतराचा काच वर्षानुवर्षे एकाच जागी बसत गेला म्हणजे तेथील कातडीचा रंग उडतो, ती जाड व राठ होते, तीवर व्रण पडतो आणि कालांतराने त्या व्रणातून कर्करोग उद्भवतो, हा पहिला प्रकार. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा नावाची चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे. तिची धग आणि धूर थेट टाळूवर जात असल्यामुळे तेथील रुग्णांत अर्बुद कठीण टाळूवर आढळते. तिसरा प्रकार बिहारातील खैनीचा : तळहातावर तंबाखू व चुना घेऊन अंगठ्याने मळावयाचा आणि त्याचा बार खालच्या ओठाआड भरावयाचा, ज्या खाचेत तो बार तासन्‌तास राहतो, नेमक्या त्याच खाचेत रोग मूळ धरतो. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे छेद तपासणाऱ्या विकृतितज्ज्ञाने रोग्याचे नेसू, त्याची चंची आणि त्याची विडी यांची इतक्या आस्थेने विचारपूस करावी, ही मला त्या शास्त्रातील अतिशय उदात्त गोष्ट वाटते.

तिसरा निबंध १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, लेखक एल. डी. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर. येथे वर्णनाच्या जागी तुलना आली : कर्करोग झालेल्यांच्या सवयी तो न झालेल्यांच्या सवयींशी ताडून पाहण्यात आल्या, आणि तंबाखू चघळणाऱ्यांत मुखपोकळीचा, तर ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा व घशाचा रोग अधिक, असे निदर्शनास आले.

खानोलकर आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्ष झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५४ साली पद्मभूषण झाले; हे मानसन्मान सर्वश्रुत आहेत. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झालेल्या कमल रणदिवे यांनी पुढे मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, हा मात्र त्यांच्या प्रभावाचा असा पुरावा आहे की जो दाखल्यांच्या कोणत्याही गणतीत मावत नाही.

त्या निबंधांचे पुढे काय झाले, हे सांगताना मन खिन्न होते. तंबाखूयुक्त विडा मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली दिला; तंबाखू वगळली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे त्याच संस्थेने २००४ साली जाहीर केले; आणि महाराष्ट्रात गुटख्यावर टिकून राहिलेल्या बंदीचा हुकूम निघाला तो २०१२ साली. हजार रुग्णांचा आढावा छापून झाल्यावर अडुसष्ट वर्षांनी! एवढ्या अवधीत माणसांच्या दोन पिढ्या उलटून गेल्या. या विलंबाची जबाबदारी शासनाइतकीच आपणा सुशिक्षितांवरही येते, कारण परळच्या प्रयोगशाळेतून निघालेले हे ज्ञान परदेशी नियतकालिकांत छापले गेले खरे, पण ते मराठीत आणून वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचविण्याची तसदी आपण फारशी घेतली नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तरी हे तीन निबंध मुळातून वाचावेत, आणि पुढे दवाखाना थाटल्यावर प्रत्येक रोग्याला तो काय चघळतो, किती वर्षे चघळतो आणि तोंडात कोणत्या बाजूस धरतो, हे विचारून लिहून ठेवावे.