आकाश जवळ, रस्ता दूर

मुंबई-शिर्डी हे अंतर रस्त्याने सुमारे २४० किलोमीटर. मोटारीला पाच तास. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डीजवळील काकडी येथे विमानतळ सुरू झाला आणि मुंबईच्या विमानतळापासूनचा हा प्रवास पाऊण तासावर आला. ही प्रगती आम्ही मुक्तकंठाने मान्य करतो. परंतु ज्या जिल्ह्यात काकडी वसले, त्याच्या मुख्य शहरातून, म्हणजे नगर अथवा आजच्या अहिल्यानगरातून, तेथवरचे सुमारे ८० किलोमीटर तोडावयास दोन तास लागतात. दूरचा यात्रेकरू दारी पोहोचतो, घरचा माणूस वाटेतच राहतो! विमानप्रवासाचे अंतर धावपट्टीपासून नव्हे, प्रवाशाच्या उंबरठ्यापासून मोजावयास हवे. नगर-मनमाड रस्ता सुधारल्यावाचून हे विमानतळ जिल्ह्याचे होणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.