सानगडीतील स्थानिक स्वराज्याची पूर्वपीठिका

साकोली तालुक्यातील सानगडीचा आजचा पंचायत कारभार पुणे-साताऱ्यातील गावांसारखाच दिसतो. त्याची पूर्वपीठिका मात्र वेगळी आहे. १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि भंडारा जिल्हा पुढे मध्य प्रांतात समाविष्ट झाला. येथे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे होती. साहजिकच जमीन व तलाव यांवर त्याचेच वर्चस्व राहिले. १८८३ च्या कायद्याने लोकल बोर्डे व जिल्हा कौन्सिले आली, तरी सामान्य रयतेला त्यांत फारसे स्थान नव्हते. १९४८ च्या जनपद योजनेने जिल्ह्याऐवजी तहसील हा कारभाराचा घटक ठरविला, तर १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट केली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १ मे १९६२ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना प्रत्यक्षात आली.

भंडारा जिल्ह्यात आजही रूढ असलेले ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव जुन्या सत्तेची आठवण देते. अशा तलावाच्या पाण्याविषयी आज कोणताही मतदार ग्रामसभेत प्रश्न विचारू शकतो. तो विचारला गेला नाही, तर कायदा बदलूनही कारभार जुनाच राहतो.