उत्क्रांतिवाद, व्यापार आणि विज्ञानाचा तास

आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याचे वडील तुर्भ्याच्या दाणाबंदरांत धान्याचा व्यापार करितात. गेल्या वर्षीं पालकसभा आटोपल्यावर ते आम्हांस भेटले. त्यांच्या हातांत मुलाचें दहावीचें विज्ञानाचें पुस्तक होतें व त्यांतील 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ त्यांनीं उघडून धरिला होता. ते म्हणाले, "सर, दोन गोष्टी विचारतों. हा धडा शिकून माझ्या मुलाला धंद्यांत काय मिळणार? आणि सृष्टि देवानें केली असें आपण घरीं व प्रार्थनेंत शिकवितों; मग विज्ञानाच्या तासालाही तसेंच कां शिकवूं नये?"

त्या दिवशीं वेळ थोडा होता, म्हणून आम्हीं त्यांस त्रोटक उत्तर दिलें. परंतु हे दोन्ही प्रश्न अनेक पालकांच्या मनांत वागत असतात, आणि प्रामाणिक प्रश्नास सविस्तर उत्तर देणें हें शिक्षकाचें कर्तव्य होय. म्हणून हा लेख.

प्रथम वादाचें स्वरूप पाहूं. इ. स. १८०२ सालीं विल्यम पेली नामक इंग्लिश धर्मोपदेशकानें असें प्रतिपादिलें कीं, माळरानावर घड्याळ सांपडलें तर तें कोणा कारागिरानें घडविलें असें आपण म्हणतों. मग घड्याळाहून शतपट गुंतागुंतीचा प्राण्याचा डोळा पाहून कारागिराचें अनुमान कां करूं नये? केंब्रिज येथें शिकत असतां चार्ल्स डार्विन ह्यास पेलीचें लिखाण फार आवडलें होतें. पुढें १८३१ पासून १८३६ पर्यंत 'बीगल' जहाजावरून प्रवास करून, आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ पुरावा गोळा करून, त्यानें १८५९ सालीं जीवजातींच्या उगमावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व पेलीच्या कोड्यास निराळें उत्तर दिलें. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत पेलीचाच विचार 'बुद्धिपुरस्सर रचना' ह्या नांवानें पुनः पुढें आला. जीवांतील कांहीं यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या आहेत कीं त्या क्रमाक्रमानें घडणें अशक्य. सबब त्यांमागें कोणी बुद्धिमान योजक असला पाहिजे, आणि ही गोष्ट विज्ञानाच्या तासास शिकवावी, असें ह्या पक्षाचें म्हणणें.

आतां पहिला प्रश्न: धंद्याचा. त्याचें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. दाणाबंदरांतील गोदाम पुरे आहे. गव्हातांदळास सोंडे व भुंगेरे लागूं नयेत म्हणून गोण्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवितात; हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फीन नांवाचा विषारी वायु निघतो व किडे मरतात. परंतु एका थप्पींतील हजारों किड्यांत दोनचार किडे जन्मतःच हा वायु अधिक सोसणारे असतात. ताडपत्री फाटकी असली, अथवा धुरी पुरते दिवस दिली नाहीं, तर दुर्बळ किडे मरून हे दोनचार वांचतात. त्यांची प्रजा त्यांच्यासारखीच निपजते. असें वारंवार घडलें म्हणजे कांहीं वर्षांनीं त्या गोळ्या जवळजवळ निरुपयोगी ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९७२-७३ सालीं केलेल्या जागतिक पाहणींतच असे किडे आढळून आले होते. पुढें आपल्या देशांतही ते आढळले.

विद्यार्थिमित्रहो, येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरा. कोणताही किडा विष पचविण्यास 'शिकला' नाहीं. प्रथम व्यक्तिव्यक्तींत भेद असतो; तो भेद पिढीजात उतरतो; आणि परिस्थिति कांहींस राखते व कांहींस नाहींसें करते. ह्या तीन साध्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे जी क्रिया घडते, तीस नैसर्गिक निवड म्हणतात. आमच्या त्या पालकांनीं पुस्तकांतील पाठ वाचला नव्हता, तरी त्याचें बिल मात्र ते दर वर्षीं भरीत होते.

गोदामांतून निघून ठाणे-बेलापूर रस्त्यानें चला. ह्या औद्योगिक पट्ट्यांत औषधांचे कारखाने आहेत आणि आमचे कित्येक माजी विद्यार्थी तेथील प्रयोगशाळांत काम करितात. औषधांचा धंदा तर ह्या तत्त्वावर दोन अंगांनीं अवलंबून आहे. पहिलें अंग उपकारक. १९२८ सालीं अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांस सांपडलेलें पेनिसिलिन आरंभीं अत्यल्प मिळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील पिओरिया गांवीं एका बुरसलेल्या खरबुजावर अधिक औषध देणारी बुरशी सांपडली. क्ष-किरणांनीं व अतिनील किरणांनीं तिच्यांत बदल घडवून, प्रत्येक वेळीं सरस तेवढी निवडून, तिचें उत्पन्न अनेक पटींनीं वाढविण्यांत आलें. १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना ह्याच विद्येच्या पायावर उभा राहिला.

दुसरें अंग घातक. औषधाची मात्रा अपुरी घेतली तर जंतूंतील बळकट तेवढे उरतात. हा इशारा खुद्द फ्लेमिंग ह्यांनींच १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत दिला होता. तो किती खरा होता, हें आपल्या शेजारच्या मुंबईंत दिसून आलें. २०१२ सालच्या आरंभास हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं क्षयाचे असे रोगी असल्याचें जाहीर केलें कीं, ज्यांच्या जंतूंवर तपासलेलें एकही औषध लागू पडत नव्हतें. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या बरें वाटूं लागतांच अर्ध्यावर सोडूं नका, असें आम्ही वर्गांत वारंवार कां सांगतों, ह्याचें कारण ह्या पाठांत आहे.

तिसरें उदाहरण कापसाचें. आणि तें सर्वांत कष्टदायक आहे. मार्च २००२ मध्यें आपल्या देशांत बीटी कापसास परवानगी मिळाली; तें बियाणें जालन्याच्या महिको कंपनीनें मोन्सँटो ह्या अमेरिकन कंपनीच्या साह्यानें आणिलें होतें. त्या झाडांत बोंडअळीस मारणारें द्रव्य आपोआप तयार होतें. परंतु शास्त्रज्ञांस नैसर्गिक निवड ठाऊक होती, म्हणून नियम असा केला कीं शेताच्या कडेनें थोडा साधा, बिगर-बीटी कापूस लावावाच. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, विष सोसणाऱ्या विरळ अळ्यांच्या पतंगांशीं त्यांच्या पतंगांचा संकर व्हावा आणि ती शक्ति प्रबळ होऊं नये, हा त्यांतील हेतु. बियाण्याच्या पाकिटाबरोबर साध्या बियांची लहान पुडीही मिळे. परंतु त्या ओळींतील कापूस अळी खाणार, म्हणजे तेवढें नुकसान. म्हणून बहुतेकांनीं ती पुडी बाजूस टाकिली. त्या पुडीचें मर्म शेतकऱ्यास समजावून सांगण्याची कळकळ विक्रेत्यांतही क्वचितच दिसली. २०१० सालीं गुजरातेंत गुलाबी बोंडअळीनें पहिल्या बीटी वाणास दाद दिली नाहीं, असें कंपनीनें स्वतः मान्य केलें. आणि २०१७ सालीं तिनें विदर्भ-मराठवाड्यांतील दुसऱ्या पिढीच्या बीटी कापसाचा फडशा पाडला. सरकारास नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. ज्या घरांत कर्ज काढून बी पेरिलें होतें, त्या घरांस तो धडा किती महाग पडला असेल!

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. 'हें सर्व एका योजकानें रचिलें' एवढेंच विज्ञानाच्या तासास शिकविलें, तर त्यावरून गोदामांत धुरी किती दिवस द्यावी अथवा शेतांत साध्या कापसाच्या किती ओळी लावाव्यात, हें सांगतां येईल काय? येणार नाहीं. ज्या विधानावरून कांहीं भाकीत करतां येत नाहीं, आणि म्हणून ज्याची परीक्षाही घेतां येत नाहीं, तें थोर असूं शकेल, पवित्रही असूं शकेल. परंतु तें विज्ञान नव्हे.

ह्याचा निवाडा एका न्यायालयांतही झाला आहे. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतांतील डोव्हर गांवच्या शाळामंडळानें २००४ सालीं असा ठराव केला कीं, जीवशास्त्राच्या वर्गांत बुद्धिपुरस्सर रचनेचा उल्लेख करणारें एक निवेदन वाचून दाखवावें. विज्ञानशिक्षकांनीं तें वाचण्यास नकार दिला व अकरा पालकांनीं फिर्याद केली. रचनावाद्यांचे प्रमुख साक्षीदार प्राध्यापक मायकेल बीही ह्यांस उलटतपासणींत कबूल करावें लागलें कीं, विज्ञानाच्या त्यांच्या व्याख्येंत फलज्योतिषही बसेल. २० डिसेंबर २००५ रोजीं न्यायाधीश जॉन जोन्स ह्यांनीं ही शिकवण विज्ञान नव्हे असा निकाल दिला, आणि खटल्याच्या खर्चापोटीं मंडळास दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली. तो पैसा गांवकऱ्यांच्या करांतूनच आला, हें व्यापारी पालकांस निराळें सांगावयास नको.

आपल्या राज्यांतही हा प्रश्न उठला आहे. जानेवारी २०१८ मध्यें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, येथें तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह ह्यांनीं डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमांतून बदलावा, कारण वानराचा मनुष्य होतांना कोणी पाहिलें नाहीं, अशा आशयाचें विधान केलें. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं एकत्र येऊन त्याचा निषेध केला. सिंह ह्यांनीं पूर्वीं मुंबईचें पोलीस आयुक्तपद भूषविलें होतें. साक्षीदारानें डोळ्यांनीं न पाहिलेली चोरीही ठशांवरून व खुणांवरून सिद्ध होते, हें पोलीस खात्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? उत्क्रांतीचे पुरावेही खडकांतील जीवाश्म आणि पेशींतील डीएनए ह्यांवरील अशाच खुणा होत. पुढें २०२३ सालीं राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकांतून भार हलका करण्याच्या कारणास्तव उत्क्रांतीचा भाग वगळण्यांत आला, तेव्हां १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व नागरिक ह्यांनीं उघड पत्र लिहून तो परत घेण्याची विनंति केली. बारावीच्या जीवशास्त्रांत तो विषय आहे खरा. परंतु दहावीनंतर जो वाणिज्य शाखेस जाईल, दुकानावर बसेल, शेती करील, त्याच्या कानीं तो कधीं पडणार? आणि त्याची गरज तर त्यांसच अधिक!

येथें आम्ही पालकांस एक सावधगिरीची सूचना देऊं इच्छितों. धंद्यास उपयोग होतो म्हणून हा पाठ शिकवावा, एवढेंच आमचें म्हणणें नाहीं. व्यापाराचें हित हा चांगला साक्षीदार आहे, परंतु तो न्यायाधीश नव्हे. ज्या हितानें बीटीचें बी आणिलें, त्याच हितानें ती लहान पुडी बांधावर फेकविली. आज लाभ दिसला म्हणून सत्य शिकवावयाचें, आणि उद्यां लाभ दिसेनासा झाला म्हणजे तें वगळावयाचें, ही शाळेची रीति होऊं शकत नाहीं. पाठ शिकवावयाचा तो खरा आहे म्हणून. लाभ त्याच्या मागोमाग येतो.

आणि श्रद्धेचें काय? आम्ही स्वतः ख्रिस्ती आहों व सृष्टीचा कर्ता एक आहे असें मानितों. डोव्हरच्या खटल्यांत उत्क्रांतीच्या बाजूनें साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धाळू कॅथॉलिक आहेत. उत्क्रांतीच्या प्रकाशावांचून जीवशास्त्रांत कशाचाच अर्थ लागत नाहीं, असें १९७३ सालीं लिहिणारे थिओडोसियस डोब्झान्स्की हेही ख्रिस्ती होते. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनींही १९९६ सालीं उत्क्रांतिवाद हा केवळ तर्क राहिलेला नाहीं असें मान्य केलें. सृष्टि कां आहे, आणि तींत आपण कसें वागावें, हें आम्ही प्रार्थनेच्या वेळीं विचारतों. ती कशी चालते, हें विज्ञानाच्या तासास. विज्ञानास जें अद्याप उलगडलें नाहीं, तेवढ्याच फटींत जर आपण देवास बसविलें, तर एकेक फट बुजतां त्याची जागा लहान होत जाईल. आमचा देव इतका लहान नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या व्यापारी पालकांस नंतर निवांतपणें सांगितलें. ते क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे सर, हा धडा माझ्याच गोदामांत आहे तर! रविवारीं मुलाला घेऊन जातों आणि ताडपत्री कुठें फाटली आहे ती त्यालाच शोधायला लावतों."

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं प्रत्येकाच्या घराजवळ असें एखादें गोदाम, औषधालय वा शेत असेलच. पुस्तक वाचून झालें म्हणजे तेथें जा, डोळे उघडे ठेवून पाहा, आणि काय दिसलें तें वर्गांत येऊन आम्हांस सांगा.