ताप ल्युपसचा की डेंग्यूचा?

पावसाळ्यात कळव्या-विटाव्यात पाणी तुंबतं आणि मागोमाग डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचे ताप येतात. अशात ल्युपस असलेल्या एखादीला ताप आला आणि सीबीसीत प्लेटलेट ८० हजार, पांढऱ्या पेशी ३ हजार दिसल्या, की घरचे लगेच डेंग्यू म्हणतात. असेलही. पण निव्वळ ल्युपस उसळला तरी रिपोर्ट असाच येऊ शकतो.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करते. ती प्लेटलेटना चिकटली, की प्लीहा त्या प्लेटलेट नष्ट करते. पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट विशेष घटतात. तांबड्या पेशी अशाच फुटू लागल्या तर हिमोग्लोबिन झपाट्याने उतरतं, डोळे पिवळसर दिसतात. कूम्ब्स तपासणीत ते कळतं. मात्र ल्युपसमधला बहुतेक रक्तक्षय दीर्घकाळच्या दाहामुळे होतो, म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत. काहींच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिद्रव्यं असतात. त्यांच्या प्लेटलेट कमी असूनही रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं: आकडा पाहून सगळे रक्तस्रावाला घाबरतात आणि गुठळीने पायावर आलेली सूज दुर्लक्षित राहते.

मग ओळखायचं कसं? दाह दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ल्युपस उसळला की ईएसआर चढतो, सीआरपी बहुधा फारसा वाढत नाही. सांधे सुजले किंवा छातीत पाणी झालं तर मात्र वाढतो. जिवाणूंच्या संसर्गात सीआरपी बराच वर जातो. रक्तातली सी३, सी४ ही प्रथिनं घटली आणि डीएसडीएनएविरोधी प्रतिद्रव्यं वाढली तर संशय ल्युपसकडे वळतो. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस१, शिवाय मलेरियाची तपासणी आणि रक्ताचं कल्चर. एकटी कुठलीही तपासणी निकाल देत नाही. दोन्ही आजार एकदम असू शकतात. त्यात ल्युपससाठी घेतलेली स्टेरॉइड ताप दाबतात आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढवतात, म्हणून पांढऱ्या पेशी नॉर्मल दिसल्या तरी निर्धास्त राहता येत नाही. खोकला, वजन घटणं लांबलं तर क्षयाची तपासणी हवीच.

इथे चूक दोन्हीकडून महागात पडते. संसर्ग असताना स्टेरॉइड वाढवलं तर तो पसरू शकतो. तापाच्या भीतीने रोजचं स्टेरॉइड अचानक बंद केलं, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. म्हणून ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं, गोळ्यांची यादी आणि बरं असतानाचा सीबीसी सोबत न्यावा. प्लेटलेट एरवीही ९० हजारच असतील, तर आजच्या ८० हजारांचा अर्थ वेगळा लागतो.