संथ, जड आणि पुन्हा एकदा

२०२५ च्या २२ जुलैला ‘ब्लॅक सॅबथ’चा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला, आणि दुसऱ्या दिवशी जे काही मृत्युलेख माझ्या वाचनात आले त्या बहुतेकांत पहिल्याच परिच्छेदात वटवाघूळ होतं. १९८२ साली अमेरिकेत डे मॉइनच्या कार्यक्रमात त्याने वटवाघळाला चावा घेतला, हे खरंच आहे. पण अर्धशतकाहून जास्त काळ गायलेल्या माणसाची कमाई तेवढीच? मरणाच्या सतरा दिवस आधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर ‘ब्लॅक सॅबथ’चे चारही मूळ भिडू वीस वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. पार्किन्सनमुळे ऑझीला उभं राहवत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. याला मात्र तळाशी दोन ओळी.

संपादकांचा फोन आला तो याच सुमारास. “हेवी मेटलचा आढावा लिहा, पण आमच्या वाचकाला आवडेल असा.” वाचकाला लेख आवडेल की नाही ते तो बघेल. मेटल मात्र लेख वाचून आवडत नाही, ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. शहाद्यात बसून इतकी वर्षं मी हेच सांगत आलोय आणि त्यापायी पुण्या-मुंबईच्या जाणकारांशी माझं वाजलेलंही आहे. त्यांचं म्हणणं असं, की चांगलं गाणं पहिल्या फटक्यात पकडतं. जे शंभरदा ऐकावं लागतं ते गाणं नव्हे, शिक्षा. यातल्या एका विद्वानांनी तर भर सभेत मला सुनावलं होतं, “साहेब, तुम्हाला ते आवडत नाही, तुमच्या अंगवळणी पडलंय.”

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही, कारण त्याला शास्त्राचा आधार आहे. रॉबर्ट झायोन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली दाखवून दिलं, की निरर्थक शब्द, अनोळखी चिन्हं, अनोळखी चेहरे लोकांना वारंवार दाखवले तर निव्वळ वारंवारतेमुळेच ते बरे वाटू लागतात. म्हणजे आवडायला कारण लागत नाही, नुसता परिचय पुरतो. आमच्या नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर नवखा माणूस पाच मिनिटांत ठसकून बाहेर पळतो आणि मजूर बाया दिवसभर तिथे काम करतात. पण म्हणून त्यांना तो ठसका आवडतो असं कोणी म्हणेल का? त्यांचं नाक मरतं, एवढंच. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते मेटलवाल्याचे कान असेच मेलेले असतात.

माझा अनुभव नेमका उलटा. ऐकत गेलं की कान बधिर होत नाहीत, ते वेचायला शिकतात. पहिल्यांदा सगळा एकच आवाज असतो. मग कधीतरी त्यातून ड्रम सुटा होतो, त्याच्यामागून बास, आणि शेवटी ज्या गिटारला आपण भिंत समजत होतो ती भिंत एकेका विटेने रचलेली दिसते. आणि यापलीकडची गोष्ट म्हणजे, पुढे काय येणार हे माहीत झालं की वाट बघता येते. मेटलचं वजन आवाजाच्या पट्टीत नसतं, वेगात तर नसतंच. ते या वाट बघण्यात असतं. चेहऱ्याचा फोटो क्षणभर दाखवून झायोन्सला जे मिळालं ते इथे पुरत नाही, कारण संगीताच्या पोटात काळ असतो.

उदाहरण सॅबथचंच घ्या. १३ फेब्रुवारी १९७० ला त्यांचा पहिला अल्बम आला. त्याचं ध्वनिमुद्रण आदल्या ऑक्टोबरात जवळपास एका दिवसात उरकलेलं. बँडच्याच नावाचं पहिलं गाणं पावसाने सुरू होतं. विजा, लांबवर घंटा, आणि मग तीन सूर: खालचा सा, वरचा सा, मग मधला तीव्र मध्यम. बस. पंचमावर विसावा मिळेल म्हणून कान पुढे होतो आणि गिटारवाला टोनी आयोमी त्याला अर्धा स्वर अलीकडेच अडवून तिथेच सूर थरथरवत ठेवतो. आपल्याकडे यमन-पुरिया ऐकलेल्या माणसाला तीव्र मध्यम काही परका नाही. पण इथे खाली षड्ज-पंचमाचा तंबोरा नाही, म्हणून तो बोचतो. पहिल्या वेळी हे रटाळ वाटतं. गाणं पाठ झालं की तिसऱ्या सुराच्या आधीच्या फटीतच पोटात खड्डा पडायला लागतो. बिल वॉर्ड तिथे ड्रमवर काय करतो तेही मग कळतं. त्याचे गुरू जॅझवाले, जीन क्रुपा वगैरे. तो ठेका कधी ठोकत नाही, झुलवतो. शेवटाकडे गाणं एकदम दौडू लागतं, आणि ती दौड सुटका वाटते ती आधी इतका वेळ अडवून ठेवल्यामुळेच.

आयोमीची बोटं हा वेगळा अध्याय आहे. सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. जँगोची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो तसा वाजवायचा. मग या पोराने साबणाच्या प्लास्टिकच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांसाठी तारा दीड स्वर उतरवल्या. सैल तारा बोटांना सोसतात. त्या खर्जातून पुढची पन्नास वर्षं सगळ्या जगाचं जड संगीत निघालं.

यापुढचा इतिहास ठाऊक असलेल्यांनी एक पान उलटावं. ‘जुडास प्रीस्ट’ने दोन गिटारी एकमेकींना भिडवल्या, ‘आयर्न मेडन’ने त्यात घोडदौड आणि इतिहासाचे धडे घातले, १९८३ ला ‘मेटॅलिका’ने ‘किल ’एम ऑल’ काढला आणि सगळे वेगाच्या मागे लागले. ‘स्लेयर’चा १९८६ चा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांत संपतो. परदेशातल्या त्याच्या कॅसेटला दोन्ही बाजूंना तोच अख्खा अल्बम भरलेला असे, आणि पुन्हा ऐकण्याची ही सक्ती मला तरी कंपनीची सर्वांत शहाणी कल्पना वाटते. केस फुगवलेल्या लॉस एंजेलिसकरांवर शाई खर्च करायची माझी तयारी नाही. नॉर्वेतल्या ब्लॅक मेटलच्या काही मंडळींनी १९९२ पासून लाकडी चर्चेस जाळली, ते गुन्हे होते आणि गुन्हेच राहतील. संगीताचा एक बाज त्यांतून वाचला, इतकंच.

मी झेंडा घेतला तो डूमचा, म्हणजे संथ, जड मेटलचा. या वेगवाल्यांच्या धामधुमीत काही वेडे लोक सॅबथच्या पहिल्या गाण्यापाशीच थांबून राहिले. शिकागोचा ‘ट्रबल’, लॉस एंजेलिसचा ‘सेंट व्हायटस’, आणि स्वीडनचा ‘कँडलमास’. ‘रेन इन ब्लड’ आला त्याच १९८६ साली कँडलमासने ‘एपिकस डूमिकस मेटॅलिकस’ काढला. नावाचं लॅटिन बनावट आहे, आतला माल अस्सल. लाइफ एडलिंग या बासवाल्याने रचलेलं त्यातलं ‘सॉलिट्यूड’ नवख्याला ऐकवा. तो विचारेल, टेप अडकली का? अडकलेली नसते. दोन घावांच्या मध्ये इतकी जागा सोडलेली असते, की पहिल्याची गुंज ओसरायच्या आत दुसरा पडत नाही. ही जागा भरायचं काम ऐकणाऱ्याचं, आणि ती भरायची तर घाव कुठे पडणार हे ठाऊक हवं. म्हणून डूम पहिल्यांदा ऐकून कोणालाच कळत नाही. विलंबित एकतालातली सम ज्याने धरली आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. ज्याने धरली नाही, त्याने भीमसेन जोशींच्या मैफिलीत कोणाची मान केव्हा हलते ते बघून शिकलेलंच असेल.

आणखी एक माणूस सांगतो. ‘नेपाम डेथ’ हा बर्मिंगहॅमचा बँड जगातल्या अतिवेगवान बँडांपैकी. त्यांचं एक गाणं सव्वा सेकंदाच्या आसपास संपतं. त्यांच्यात गाणारा ली डोरियन १९८९ साली त्या वेगाला कंटाळून बाहेर पडला आणि त्याने ‘कॅथीड्रल’ काढला, इतका संथ की १९९१ च्या पहिल्या अल्बममधली गाणी पुढे सरकतात की नाही याची शंका यावी. यॉर्कशरच्या गिरणगावांतून तेव्हाच ‘पॅराडाइज लॉस्ट’ आणि ‘माय डाइंग ब्राइड’ आले. दुसऱ्याच्या १९९३ च्या अल्बमवर व्हायोलिन आहे, ते घशातून काढलेल्या गुरगुरण्याला रडायला मदत करतं. हे गुरगुरणं घसा फाडून येत नाही. खऱ्या स्वररज्जूंच्या वर पडद्यासारखे जे पट असतात ते कंप पावतात. शिकावं लागतं, नाहीतर महिन्याभरात आवाज बसतो. आणि कॅलिफोर्नियाच्या ‘स्लीप’ने तर तासाभराहून लांब एकच गाणं करून कंपनीसमोर ठेवलं. कंपनीने ते काढायला नकार दिला. ‘डोपस्मोकर’ या नावाने ते नीट बाहेर यायला २००३ साल उजाडलं.

हे सगळं आमच्यापर्यंत पोचायचं कसं? मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान होतं, २०१६ साली तेही मिटलं. शहाद्याला मिळायची कोरी कॅसेट. सुरतेला कोणी शिकायला असेल तर त्याच्या हाती नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि तो भरून आणेपर्यंत देव पाण्यात ठेवायचे. भरून आलेल्या कॅसेटवर एका बाजूला सॅबथ, दुसऱ्या बाजूला निम्म्यावर तुटलेलं काहीतरी. गाणं आवडलं नाही तर पुढे पळवता यायचं, पण त्यात बॅटरी संपायची आणि टेप गुंतायची, पेन्सिलीने फिरवत बसावं लागायचं. म्हणून नावडतं गाणंही निमूट ऐकलं जायचं. माझी निम्मी आवड या गरिबीने घडवली. १९९३ पासून अलाहाबादहून अमित सैगल यांचं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागलं, आणि देशभरात आपल्यासारखे आणखी वेडे आहेत हे त्यातून समजलं.

मुंबईत १९८६ पासून धोबी तलावाच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं. आजूबाजूला इस्पितळं आणि कॉलेज. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि रंगभवनातला आवाज बंद झाला. नियम योग्यच होता, तरी जीव हळहळला. १ फेब्रुवारी २००८ ला ‘आयर्न मेडन’ने आपला जगदौरा वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला, गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बँडचं बोइंग चालवत आला होता. आमच्या बाजूची पोरं सुरतेला गाडी बदलून गेली. त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या हजारो लोकांना प्रत्येक गिटारची चाल तोंडाने येत होती. एवढी पाठ काही एका ऐकण्यात होत नाही.

आपल्या मराठी मुलखातले बँड घ्यायचे तर ‘डेमॉनिक रेझरेक्शन’चा २०१७ चा ‘दशावतार’ घ्या. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, त्यावर धडाधड डबल बास ड्रम. ‘भयानक मौत’ या नावाला हसणाऱ्यांनी त्यांचे अल्बम दोनदा ऐकावेत, मग हसावं. ‘स्क्राइब’ला ‘अंदाज अपना अपना’मधला तेजा सुचला आणि त्याच्या नावाने त्यांनी अल्बम काढला, मुंबईकर थट्टा अशीच करणार. माझा जीव मात्र संथांकडे: बंगळुरूचे ‘बेवर सी’ आणि ‘जिन अँड मिस्कॅटॉनिक’, आणि आपल्या महाराष्ट्रातला ‘डर्ज’, ज्याने २०१८ च्या अल्बमला माया लोकांच्या मृत्युदेवाचं नाव दिलं, ‘अह पुच’. तो मी पुष्कळांना ऐकवला. बहुतेकांनी तिसऱ्या मिनिटाला घड्याळ पाहिलं.

“हे आपलं संगीत नव्हे” म्हणणाऱ्यांना मी अक्कलकुव्याकडे बोट दाखवतो. तिथल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, पण ढोल आदल्या रात्रीपासून चालू असतात. कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बावे-बुध्ये एकाच चालीवर रात्रभर नाचतात. मोठा ढोल जवळून ऐकला तर तो छातीत वाजतो. ढोल म्हणजेच मेटल, असला दावा मी करणार नाही. ढोलकी-बासरी चिकटवून मेटल आपलं होतं असंही मला वाटत नाही, भले त्यावर परदेशी महोत्सव गाजोत. पण एकच फेर शंभरदा आला तर कंटाळा येतो, हे ज्यांना वाटतं त्यांनी तिथे पहाटेपर्यंत थांबावं. मध्यरात्रीच्या सुमाराला कंटाळा येतोही. दोननंतर त्याच ठेक्यातले बारीक फरक कानाला लागू लागतात.

आता लग्नात डीजेच्या पेट्यांची भिंत येते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि नवरदेवाचा मामा मला विचारतो, “तुमचं मेटल असंच ना, दादा?” नाही, मामा. ते मोठं आहे, जड नाही. आणि मोबाइलवर मेटल ऐकणारी पोरं? जगातला प्रत्येक अल्बम त्यांच्या खिशात आहे आणि एकही ते शेवटपर्यंत ऐकत नाहीत. वीस सेकंदांत घाव पडला नाही की बोट पुढे सरकतं. डूममध्ये वीस सेकंदांत कित्येकदा पहिला सूरही विझलेला नसतो. मग हीच पोरं मला सांगतात, काका, सॅबथ जरा स्लो वाटतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने सॅबथचे पहिले चार अल्बम क्रमाने ऐकावेत, मधे दुसरं काही घेऊ नये, आणि चौथा संपला की पुन्हा पहिल्याला हात घालावा. मग कँडलमास. गायकाचे शब्द कळले नाहीत तरी चालतील. रात्री, दिवा मालवून, हेडफोनवर. शेजाऱ्यांशी भांडण नको. आणि ‘मेटॅलिका’चा २००३ चा ‘सेंट अँगर’ मात्र टाळावा. त्यातला स्नेअर ड्रम पहिल्यांदा पत्र्याचा वाटतो, आणि मी खात्रीने सांगतो, कितीही वेळा ऐकला तरी तो पत्र्याचाच राहतो.