रुळांच्या जुन्या वाटेवर सायकल

पन्नाशी उलटलेले पेशंट दवाखान्यात हमखास विचारतात, "डॉक्टर, गुडघे दुखतात, फार चालवत नाही. सायकल चालवली तर चालेल का?" मी सांगतो, जरूर चालवा, पण चढाचा रस्ता टाळा. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यांना चालण्यापेक्षा कमी त्रास होतो. मात्र टाळायचा तो चढ नेमका किती, हे मला स्वतःला उमगले ते न्यूझीलंडमध्ये, एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर.

२०२३ च्या मार्चमध्ये आम्ही उभयता मुलीकडे ड्युनेडिनला गेलो होतो. तिकडे ओटागो प्रांताच्या आतल्या भागात जाणारी एक जुनी रेल्वे होती. तिचे काम १८७९ साली सुरू झाले. १८९१ मध्ये गाडी मिडलमार्चला पोचली आणि क्लाइड गावी पोचायला १९०७ साल उजाडले. मोटारी वाढल्या, मालवाहतूक घटली आणि १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला. तेथल्या सरकारच्या निसर्गसंवर्धन खात्याने १९९३ मध्ये ही जमीन ताब्यात घेतली, रुळांच्या जागी खडीची वाट केली, पुलांना कठडे बसवले आणि २००० साली १५२ किलोमीटरची अखंड वाट लोकांना खुली झाली. सायकलवाले, पायी चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठीच ती आहे, मोटारींना मज्जाव.

आता आगगाडीचे एक वैशिष्ट्य पाहा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, म्हणून इंजिनाला खडा चढ चढता येत नाही. इंजिनिअर मंडळींना डोंगराला वळसा घालावा लागतो, कुठे खोदावे लागते, कुठे भराव घालावा लागतो. या वाटेवरचा जास्तीत जास्त चढ पन्नासास एक आहे, म्हणजे पन्नास फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. वाट ६१८ मीटर उंचीपर्यंत जाते, तरी आपण चढतो आहोत हे पायांना फारसे जाणवत नाही. घाटात सायकल रेटताना श्वास कोंडतो, नाडी एकदम धावते, रक्तदाब उसळतो. येथे नाडी एका लयीत राहते. सायकल चालवता चालवता शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढाच दम लागावा हा मध्यम व्यायामाचा साधा घरगुती मापदंड आहे. सौभाग्यवती तीन दिवस अखंड बोलत होत्या, तेव्हा मापदंड पाळला गेला असे म्हणायला हरकत नाही.

मुलुख मात्र माणदेशाची आठवण करून देणारा. उघडेबोडके तपकिरी डोंगर, वाळलेले गवत, दूरवर मेंढरे. अलेक्झांड्रा गावी वर्षाला जेमतेम साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगतो. मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या चालू. सकाळी सातला नाश्ता करून गोळ्या घेतल्या. लॉडर गावानंतर पूलबर्न नावाची घळ लागते. तेथे दगडात खोदलेले दोन काळोखे बोगदे आहेत, बॅटरी लावूनच जावे लागते. शिवाय ३७ मीटर उंचीचा एक पूल आहे. फोटो काढण्यात वेळ गेला. पुढे आयडा खोऱ्यातली लांबच लांब सरळ वाट, आणि वारा समोरून. जेवण ओटुरेहुआ गावी, तोवर वीसेक किलोमीटर दुकान नाही. दोन वाजून गेले. मी मुलीवर विनाकारण खेकसलो. थोड्या वेळाने सायकल वाटेबाहेर गवतात गेली.

मुलगी म्हणाली, "बाबा, दमलात का?" मी म्हटले, मला काही झालेले नाही. पत्नीने मात्र कपाळाला हात लावला. "अहो, एवढ्या गार वाऱ्यात घाम कसला?" तिने मला खाली बसवले आणि पिशवीतली खडीसाखर तोंडात कोंबली. शुगर मोजायचे यंत्र सामानाच्या गाडीतून पुढे मुक्कामी गेलेले! दहा-पंधरा मिनिटांनी डोके ताळ्यावर आले. मग बिस्किटे खाल्ली. जी गोष्ट मी पेशंटना रोज सांगतो, तीच मला माझ्या बाबतीत ओळखता आली नाही. त्यात नवल नाही. मेंदूलाच साखर कमी पडली की विचार करणार कशाने?

याचे कारण असे. व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या साखर कितीही असो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढतच राहतात. दोहोंची गाठ पडली आणि जेवण लांबले, की साखर ७० च्या खाली जाते. हा परिणाम रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकतो. म्हणून लांब फेरीच्या रात्री उपाशी झोपू नये. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर छातीत धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो.

अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी किंवा ग्लुकोजची पूड द्यावी. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्यावी, मग पोळी-भाकरी खावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखान्यात न्यावे. गोळीचे प्रमाण आपल्या मनाने बदलू नका, फेरीच्या आधी डॉक्टरांना विचारा. चालताना छातीत दुखत असेल, डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल किंवा पायाला जखम असेल, तर आधी तपासणी, मग सायकल.

सीटची उंचीही पाहावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. आपल्याकडे सीट फार खाली ठेवण्याची खोड आहे, आणि मग गुडघ्याची वाटी दुखते.

आपल्या भागात अशी वाट कोठे, असे तुम्ही विचाराल. जेथे कालवा आहे, तेथे त्याच्या कडेचा रस्ता पाहा. पाण्यालाही आगगाडीसारखाच मंद उतार लागतो, म्हणून तो रस्ता मैलोन् मैल जवळजवळ सपाट असतो. कठडा मात्र नसतो, तेव्हा पाण्यापासून अंतर ठेवावे आणि अंधारात जाऊ नये. मी आता आठवड्यातून चार दिवस सकाळी तेथे जातो. साखर मोजायचे यंत्र खिशात असते आणि खडीसाखरेची पुडी पत्नी स्वतः हँडलला बांधून देते.